पामच्या सावलीतलं हिवाळी ऑलिंपिक

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात शेकोटीचा फोटो ठरलेला. २०१४च्या फेब्रुवारीत ज्या सोची शहरात हिवाळी ऑलिंपिक चाललं होतं, तिथे मात्र भरदुपारी लोक किनाऱ्यावर उघड्या अंगाने ऊन खात पडले होते. त्या हिशेबाने निफाडनेही यजमानपदासाठी अर्ज टाकायला हरकत नव्हती.

सोची हे काळ्या समुद्राकाठचं, रशियन लोकांनी हवापालटाला जायचं गाव. अख्खा सैबेरिया पदरी असताना रशियाला हेच बरं सापडलं, असं तेव्हा टीव्हीसमोर घरोघरी म्हणून झालं. स्केटिंग, हॉकी, कर्लिंग हे खेळ किनाऱ्यावरच्या बंदिस्त स्टेडियमांत होते. तिथे सगळी मदार यंत्रांवर. दाराबाहेर पाम असोत नाहीतर नारळ. खरी कसोटी होती पन्नासेक किलोमीटरवरच्या क्रास्नाया पोल्यानाच्या डोंगरात.

तिथे आदल्या हिवाळ्यातला लाखो घनमीटर बर्फ ढीग घालून, वर उष्णतारोधक चादरी पांघरून उन्हाळाभर जपून ठेवला होता. शिवाय चारशेहून जास्त बर्फाच्या तोफा. तोफ पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवते आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठावेत अशी अपेक्षा असते. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते, कारण तुषारांतलं थोडं पाणी उडून जाताना उरलेल्या थेंबाची उष्णता घेऊन जातं. आपल्या कूलरसारखंच हे: नागपुरात तो खोली गार करतो, मुंबईत नुसती ओल आणतो. समुद्राची दमट हवा वर चढून आली की तोफा असून नसल्यासारख्या. म्हणून तर ती साठवण.

पण मला खरं वेड लावलं ते मिठाने. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात एवढं आपण ऐकलेलं असतं. इथे बर्फ घट्ट व्हावा म्हणून मीठ! दाण्याभोवतीचा बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि खाली झिरपलेलं पाणी पुन्हा गोठून भुसभुशीत थर आवळला जातो. काही तासांचीच ही करामत, त्यामुळे शर्यतीची वेळ बघून मीठ पेरायचं. त्यातही बारीक मीठ कामाचं नाही, ते वरच्या वर विरघळून जातं. खोलवर जायला जाडे खडे हवेत. ऐन स्पर्धेत हे खडेच कमी पडले आणि स्वित्झर्लंडहून विमानाने टनावारी मागवावे लागले. इतका अवाढव्य खर्च करून शेवटी वाण्याकडे धाव!

पंधरा किलोमीटरच्या क्रॉस-कंट्री स्की शर्यतीत तर उकाड्यापायी नॉर्वेचा ख्रिस येस्पर्सेन पोशाखाच्या बाह्या आणि पाय कापूनच उतरला. हाफपाइपचा, म्हणजे कसरतींसाठी बर्फात कोरलेल्या अर्ध्या नळीसारख्या घळीचा, तळ खडबडीत झाला म्हणून स्नोबोर्डवाले करवादत होते. मार्चमध्ये त्याच उतारांवर पॅरालिंपिक झालं, तेव्हा बर्फ आणखी मऊ होता आणि कॅमेरे कमी. ही तक्रार मला जास्त रास्त वाटते.

एकट्या सोचीला हसून मात्र भागत नाही. २०१०ला व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस डोंगरावर गवताच्या गासड्या रचून वर बाहेरून आणलेला बर्फ पसरला होता. २०२२च्या बीजिंगमध्ये थंडी कडाक्याची, पण पाणी पडेल तर शपथ, म्हणून जवळजवळ सगळा बर्फ तोफांचाच. आणि आपलं गुलमर्ग? २०२५च्या फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलले आणि मार्चमध्ये उरकले.

सोचीत आपला शिवा केशवन ल्यूजमध्ये, म्हणजे घसरगाडीवर उताणं पडून बर्फाळ मार्गावरून सुसाट खाली यायच्या शर्यतीत, होता. ल्यूजचा मार्ग खालून नळ्यांनी गारठवलेला, त्याला उन्हाची तेवढी धास्ती नाही. पण सरावाला असा मार्गच नसल्याने हा मनालीचा गडी घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रक चुकवत सराव करत आलेला. सोचीत तो ३७वा आला. भारतीय ऑलिंपिक संघटनेवर तेव्हा बंदी होती, म्हणून तो ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरला. बंदी उठली ११ फेब्रुवारीला, त्याची शर्यत आटोपल्यावर दोन दिवसांनी.