वर्तमानपत्रातले ठिपके

ओहायोतल्या एका लहानशा इतिहास-संग्रहालयात मी जुनी कागदपत्रं लावण्याचं काम करते. लोकांच्या माळ्यांवरून घराण्याची पत्रं येतात. ती उलगडून सपाट करायची, तारखेप्रमाणे लावायची, आम्लमुक्त फोल्डरमध्ये घालायची आणि अभ्यासकांसाठी सूची करायची. त्या दिवशी टेबलावर एका शेतकरी कुटुंबाचं खोकं होतं. थोरला भाऊ आईपाशी मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात राहिलेला, धाकटा जमिनीच्या आशेनं ओहायोत आलेला. दोघांची पत्रं १८३९ पर्यंत नियमित, मग जवळजवळ नाहीतच, आणि १८४५ च्या उत्तरार्धापासून पुन्हा भरपूर. जुन्या सूचीत या खंडासमोर कुणीतरी लिहून ठेवलं होतं : ‘भावांमध्ये वितुष्ट आले असावे.’

मला ते पटेना. १८३९ चं शेवटचं पत्र मायेनं ओथंबलेलं आहे. एकच मोठा ताव, आधी सरळ लिहिलेला, मग कागद आडवा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिलेला. ही आडवी-उभी लिखावट वाचताना डोळ्यांतून पाणी येतं, पण ती हौसेनं कुणी करत नसे. त्या काळी टपालखर्च तावांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे. चारशे मैलांपलीकडे एका तावाला २५ सेंट, दोन तावांना दुप्पट. पाकीट वापरलं तर तोही एक ताव धरला जाई, म्हणून पत्रच दुमडून लाखेनं बंद करायचं आणि त्याच्याच पाठीवर पत्ता लिहायचा. हे पैसे बहुधा पत्र घेणारा मोजे. मजुराला दिवसाकाठी जेमतेम डॉलरभर मिळायचा. त्यात १८३७ च्या मंदीनं शेतकऱ्यांच्या हाती रोकड राहिली नव्हती. भावाला पत्र धाडणं म्हणजे त्याच्या खिशाला कात्री लावणं. मग न लिहिणं हे भांडणाचंच लक्षण कसं मानायचं?

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्रांची चळत होती, ‘काढून टाकणे’ अशी चिठ्ठी लावलेली. आमच्याकडे ही रीतच आहे. वर्तमानपत्रं जागा अडवतात, पुढच्या काळातल्या लाकडी लगद्याच्या कागदाचं आम्ल शेजारच्या पत्रांना डागाळतं, आणि मायक्रोफिल्म, म्हणजे पानांच्या बारीक छायाचित्रांची रीळ, असतेच. पण ही १८४० च्या आसपासची, चिंध्यांच्या लगद्याची. हाताला मऊ, अजून दणकट. सगळी मॅसॅच्युसेट्समधल्या एकाच गावची. ओहायोतला शेतकरी तिथली शिळी वर्तमानपत्रं इतक्या जपणुकीनं का ठेवेल?

एक अंक तिरप्या उजेडात धरला. लिलावाच्या जाहिरातीत काही अक्षरांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके दिसले. आधी माश्यांची घाण वाटली, पण प्रत्येक ठिपका नेमका अक्षराच्या पोटाखाली होता. वही घेतली आणि ठिपक्यांची अक्षरं एकेक करून उतरवू लागले. हवं ते अक्षर ओळीत येईपर्यंत ठिपके गप्प, मग पुन्हा सुरू. स्तंभ संपला तेव्हा वहीत एवढंच होतं : आई उठून बसते. गाय विकली. तू येऊ नकोस.

मी खुर्चीतून उठले आणि आमच्या विभागप्रमुख बाईंना हाताला धरूनच घेऊन आले. त्यांनी भिंग लावून स्वतः पुन्हा सगळी अक्षरं जुळवली. मग पुढचा अंक त्यांनीच उघडला.

ही युक्ती या दोन भावांनीच काढलेली नव्हती. वर्तमानपत्रं स्वस्तात पोचावीत असं सरकारी धोरणच होतं. शंभर मैलांपर्यंत एक सेंट, त्यापुढे राज्याबाहेर दीड सेंट. म्हणून लोक अक्षरांना टाचणीनं टोचत, खाली ठिपके देत. कायद्यानं वर्तमानपत्रातून मजकूर पाठवायला बंदी होती, पण पोस्टमास्तर किती पानं उजेडात धरून बघणार? काही घरांत तर ठिपक्यांचीही गरज नसे. आपल्या गावचा अंक आला, म्हणजे पाठवणारा खुशाल आहे.

संध्याकाळपर्यंत आणखी काही अंक वाचून झाले. कुणाला मुलगी झाली, बर्फानं गोठ्याचं छप्पर बसलं, बियाणं पाठवता येत नाही. एका अंकात फक्त आईचा आशीर्वाद, बाकी काही नाही. त्या एका शब्दासाठी थोरल्यानं दिव्यापाशी बसून अक्षरं शोधली असतील. ‘वितुष्ट’ हा शेरा मला त्या क्षणी असह्य झाला.

१ जुलै १८४५ ला नवे दर लागू झाले. तावांची मोजणी जाऊन वजन आलं. अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट, त्यापुढे दहा. खोक्यातली पत्रं नेमकी तिथून दाट होतात. ठिपके थांबतात.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला वैद्यकीच्या शिक्षणासाठी दाखल झाल्या, त्याच महिन्यापासून पत्राचा दर देशभर दोन सेंट झाला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या, त्यांना अमेरिकेत आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशींना त्या मोकळेपणानं लिहू शकल्या, त्यामागे त्यांचा जिव्हाळा होताच, आणि हे स्वस्त टपालही होतं. गोपाळराव स्वतः टपालखात्यातले. त्यांना हे दरपत्रक पाठ असणार, असं मला उगाच वाटतं.

वर्तमानपत्रांची ती चिठ्ठी मी काढली. प्रत्येक अंकाला स्वतंत्र फोल्डर दिला आणि ते पत्रांच्या मालिकेत, तारखेच्या जागी लावले. सूचीतला शेरा खोडून तिथे लिहिलं : ‘१८३९ ते १८४५ : पत्रव्यवहार वर्तमानपत्रांतून, पेन्सिलीच्या ठिपक्यांनी.’ विभागप्रमुख बाईंनी खाली सही केली आणि आधी काढून टाकलेल्या वर्तमानपत्रांच्या याद्या मागवल्या. ज्या अंकांची आता फक्त मायक्रोफिल्म उरली आहे, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रतींवरून घेतलेली आहे. या भावांसारख्यांचे ठिपके तिच्यात सापडणार नाहीत.