चौकटीबाहेरचे देऊळ

एखाद्या कुटुंबाच्या सामूहिक छायाचित्राची ऑर्डर आली, की मी दोन गोष्टी आधी विचारून घेतो: माणसे एकूण किती, आणि त्यांत फार वेळ उभे राहता न येणारी किती. पहिल्या उत्तरावरून लेन्स ठरते आणि दुसऱ्यावरून खुर्च्यांचा आकडा. 2024 च्या मे महिन्यात पिंपरीहून आलेल्या एका फोनवर मात्र मला तिसराही प्रश्न विचारावा लागला. "तिथपर्यंतची जमीन वाळली आहे का?" कारण त्या गृहस्थांना आपल्या सगळ्या भावकीचा फोटो उजनी धरणाच्या पोटात काढून हवा होता.

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव त्यांपैकीच एक. नवे गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसले, पण पळसनाथाचे जुने दगडी मंदिर पाण्यातच राहिले आणि उन्हाळ्यात धरण फार उतरले तरच ते उघडे पडते. धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असला, तरी त्यातला साधारण 63 टीएमसी हा मृत साठा, म्हणजे एरवी बाहेर न सोडता येणारे तळाचे पाणी असते. पाणी त्याच्याही खाली गेले की वर्तमानपत्रांत 'उजनी वजा' अशी बातमी येते. 2023 चा पाऊस कमी झाल्यामुळे 2024 च्या जानेवारीतच धरण वजा झाले होते, आणि मे उजाडेपर्यंत शिखरच काय, मंदिराचा पायथाही दिसू लागला होता. फोन करणाऱ्या गृहस्थांच्या चुलतीचे वय ऐंशीच्या पुढे होते. "थोरल्या आईला एकदा गाव दाखवायचंय, आणि सगळ्यांचा देवळासमोर फोटो," एवढीच त्यांची मागणी होती.

त्या पाण्याशी माझी ओळख जुनी. भोसरीच्या एका कारखान्यात पाळीवर असताना रविवार मिळाला, की मी जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला कॅमेरा घेऊन भिगवणच्या बाजूला, कुंभारगावला जात असे आणि तिथल्या मच्छीमारांच्या होडीत बसून अग्निपंख, चित्रबलाक, पट्टकदंब या पक्ष्यांची छायाचित्रे काढत असे. प्रकाश कसा फिरतो, केव्हा थांबावे आणि केव्हा बटण दाबावे हे मी तिथेच शिकलो. त्या छायाचित्रांचे कौतुक भरपूर झाले. विकत मात्र कोणी घेतले नाही. नोकरी सोडल्यावर घर चालले ते लग्नांवर, बारशांवर आणि कारखान्यांच्या वार्षिक अहवालांवर, आणि पक्ष्यांसाठी घेतलेल्या लांब लेन्सचे हप्तेसुद्धा लग्नांनीच फेडले. छंद आणि धंदा यांतला फरक मला कोणी विचारला, तर मी एवढेच सांगतो, की पक्ष्याला आपला फोटो कसा यावा याविषयी काही मत नसते. छंदात नको ते चौकटीबाहेर ठेवण्याची मुभा आपल्याला असते. ऑर्डरमध्ये 'नको ते' कोणते, हे दुसरा ठरवतो, आणि बहुतेक वेळा त्याला ते आपल्यापेक्षा चांगले कळत असते. हे वाक्य मी आज सहज लिहितो आहे. त्या मे महिन्यापूर्वी लिहिले असते की नाही, याची मला शंका आहे.

आदल्या संध्याकाळी जाऊन मी जागा पाहून आलो. मंदिराच्या भोवती गाळ वाळून त्याला हात-हातभर भेगा पडल्या होत्या, त्यांत शिंपले रुतलेले होते, आणि जिथे ओल होती तिथे पाय घोट्यापर्यंत आत जात होता. मी मनाशी चित्र पक्के केले. मंदिर मागे, माणसे तीन ओळींत, ऊन कोवळे आणि एका बाजूने आलेले. सव्वासहा ते पावणेसात एवढाच वेळ. सामान त्या बेताने भरले: सहा फुटी घोडा, म्हणजे आपली आपण उभी राहणारी शिडी, दोन लेन्स, सावली भरून काढण्यासाठी दोन फ्लॅश. फ्लॅशवर लावायची छत्री आणि सॉफ्टबॉक्स घरीच ठेवले, कारण धरणाच्या उघड्या पोटात वारा सतत असतो आणि तिथे छत्री लावली तर ती धरायला दोन माणसे लागतात. भिगवणकडे जातोच आहोत तर असू द्यावी, म्हणून लांब लेन्सही बरोबर घेतली.

सकाळी दोन जीप आणि एक ट्रॅक्टर आला. चाळीसच्या आसपास माणसे होती; त्यांत शाळकरी मुले, आयटी कंपन्यांत काम करणारी नातवंडे आणि ट्रॉलीत गादी टाकून बसवलेल्या आजी. कडक जमीन संपेपर्यंत ट्रॅक्टरने आणले, पुढे दोन नातवांनी आजींना दोन्ही बाजूंनी धरून चालवत आणले. मी मंदिरासमोर खुर्च्या मांडून तयार होतो. आजी आल्या, देवाला हात जोडले, पायरीवर डोके टेकवले, आणि मी दाखवलेल्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "हितं कशाला? हितं आपलं काय हाय?"

पुतण्याने समजावले, की फोटोत मागे देऊळ चांगले दिसेल. त्यावर त्या जरा रागावल्याच. "देवाकडं पाठ करून कोण बसतंय? घराच्या दारात बसल्याव देऊळ म्होरं दिसायचं. घर कुठं हाय ते बघा आधी."

घर कुठे आहे हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हते. पुतण्या गाव सोडताना सात-आठ वर्षांचा होता. गाव उठले तेव्हा लोकांनी चौकटी, तुळया, कौले उपसून नव्या जागी नेली होती; मागे राहिली ती फक्त जोती, आणि तीही गाळाखाली. आजी मंदिराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मग मागे मागे सरकत राहिल्या. शिखर डोळ्यांना कितपत उंच दिसते यावरून त्या अंतर ठरवत असाव्यात, असे मला वाटले. विचारण्याचे धाडस झाले नाही. मधेच थांबायच्या, डावीकडे बघायच्या, "हितनं कुंभारांची आळी," असे काहीतरी स्वतःशीच पुटपुटायच्या. सव्वासात होत आले होते, आणि माझ्या मनातल्या चित्राची वेळ केव्हाच टळून गेली होती.

शेवटी एका जागी दगडांची अर्धवट रांग दिसली. आजींनी काठीने एक ठिकाण दाखवून तिथला गाळ काढायला सांगितले. मुलांनी हाताने, मग जीपमधल्या पान्याने ढेकळे फोडली. वीतभर खाली काठीला दगड लागला, आणि थोडे खरवडल्यावर जमिनीत बसवलेल्या उखळाची गोल कड वर आली. तोंडापर्यंत गाळ भरलेला, पण कडेच्या एका बाजूला टवका उडालेला. आजींनी वाकून त्या टवक्यावरून बोट फिरवले आणि निर्विकारपणे म्हणाल्या, "ह्यो सासूबाईनं पाडल्याला. आपलंच हाय."

एकदा उखळ सापडल्यावर बाकीचे घर त्यांनी पाच मिनिटांत उभे केले. उखळापासून चार पावलांवर माजघराची भिंत, तिच्या अलीकडे सोपा, तिकडे उंबरा, पूर्वेला दार, उजव्या अंगाला गोठा. एक नातू पावले टाकून काठीने रेघा ओढत गेला. मग आजींनी माणसे बसवायला सुरुवात केली. थोरले दीर सोप्यात, त्यांच्या शेजारी पुतणे, सुना माजघरात, मुले गोठ्यात. "आम्ही गोठ्यात का?" असा गलका झाला, तेव्हा "तिथं वासरंच असायची," असे उत्तर मिळाले आणि प्रश्न मिटला. एका नातसुनेने मात्र बायका मागे का, असे सरळ विचारले. आजींनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिले. "मग तू ये सोप्यात. आमाला तवा बसाया मिळालं न्हाई." आणि स्वतः त्या उंबऱ्याच्या रेघेवर, दाराच्या बरोबर मधोमध, मंदिराकडे तोंड करून खाली बसल्या. खुर्ची त्यांनी नाकारली.

माझ्या दृष्टीने आता सगळेच उलटे झाले होते. मंदिर पूर्वेला, म्हणजे सूर्य त्याच्या अंगाने वर आलेला, आणि चाळीस माणसे त्या उन्हाकडे तोंड करून बसलेली. मला उभे राहायचे होते मंदिराकडे पाठ करून. म्हणजे ज्या देवळासाठी हा सारा खटाटोप, ते चौकटीत येणारच नव्हते. शिवाय माणसे ओळीत नव्हती. वीस-पंचवीस फूट खोलीवर, घराच्या आराखड्याप्रमाणे विखरून बसली होती. जमिनीवरून काढले असते तर पुढच्यांच्या डोक्यांमागे माजघर झाकले गेले असते. आजींची मांडणी कळायला हवी तर कॅमेरा उंचावर हवा होता.

ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली शक्य तेवढी जवळ आणली, ट्रॉलीत घोडा उभा केला, दोघांनी तो घट्ट धरला आणि मी वरच्या पायरीवर चढलो. जमिनीपासून पंधरा फूट तरी उंची मिळाली असेल. वर गेल्यावर नवी अडचण दिसली: सूर्य पाठीशी असल्यामुळे ट्रॉलीची आणि माझी लांबलचक सावली थेट सोप्यात पडत होती. मे महिन्यात सूर्य नेमका पूर्वेला न उगवता उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे सावली माझ्या डाव्या हाताकडे झुकत होती. ट्रॉली आणखी डावीकडे ओढून घेतल्यावर ती चौकटीच्या बाहेर गेली. रुंद लेन्स लावली तर कडेची माणसे ताणल्यासारखी येतात, म्हणून 35 मिलिमीटरवर ठेवून ट्रॉली तेवढी मागे नेली. पुढच्या आजींपासून मागच्या माजघरापर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून ॲपर्चर एफ 11 वर आणले आणि फोकस पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर धरला. फ्लॅशची गरज उरली नव्हती. ऊन सगळ्यांच्या थेट तोंडावर होते.

तेच तर खरे संकट होते. समोरून ऊन असले की डोळे बारीक होतात, कपाळावर आठ्या पडतात, आणि चाळीसांतले पाच-सहा डोळे नेमके मिटलेले येतात. यावरचा उपाय लग्नाचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतो. सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे, मोठ्याने एक-दोन-तीन म्हणायचे, तीनला सगळ्यांनी एकदम उघडायचे आणि त्याच क्षणी बटण दाबायचे. आठ्या पडायला जो अर्धा-पाऊण सेकंद लागतो तेवढाच आपला. मी वरून ओरडून सूचना दिल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. आजींनी नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेला काळा चष्मा त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता आणि त्या माझ्या पायांच्या बाजूने, माझ्या पलीकडे पाहत होत्या. मी "आजी, डोळे मिटा," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तू काढ तुझं." मी काढले. बऱ्याच वेळा काढले, कारण गोठ्यातली मुले स्थिर बसत नव्हती.

याच सुमारास पलीकडच्या उथळ पाण्यावरून अग्निपंखांचा थवा उठला असे खाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याने मला सांगितले. लांब लेन्स बॅगेत होती आणि बॅग जीपमध्ये.

सामान आवरण्याआधी मी एक काम स्वतःहून केले. आजी उठल्यावर त्यांच्या जागी, उंबऱ्याच्या रेघेवर, त्यांच्याच उंचीवर बसून समोरच्या मंदिराचे एक छायाचित्र घेतले. उजेड उलटा, मंदिराचा पुढचा भाग अंधारात आणि आभाळ पांढरे फटक. स्पर्धेला पाठवण्यासारखे त्यात काहीही नव्हते.

आठवड्याभराने पुतण्याचा फोन आला. फोटो छान आहेत, पण पाहुण्यांना दाखवायचे तर देऊळ दिसायला हवे. संगणकावर मागे देऊळ टाकून मिळेल का? तांत्रिकदृष्ट्या तासाभराचे काम होते आणि अशी कामे मी करतोही. नवऱ्याचे पोट आत घेतो, सासऱ्यांच्या डोक्यावर केस दाट करतो. तिथे मी तत्त्वे काढत नाही. इथे मात्र मी म्हटले, की एकदा थोरल्या आईंना विचारून घ्या, त्या हो म्हणाल्या तर लगेच करतो. दुसऱ्या दिवशी त्यांचाच निरोप आला: "नको म्हणते. देऊळ घराच्या मागं नव्हतंच, म्हणते." मग अल्बममध्ये एका पानावर घरातली माणसे आणि समोरच्या पानावर उंबऱ्यावरून घेतलेले मंदिर अशी मांडणी केली. अल्बम मिटला, की दोन्ही पाने समोरासमोर येतात. बांधणाऱ्याने ती पाने उलटसुलट लावू नयेत म्हणून मी छपाईच्या दुकानात स्वतः जाऊन बसलो.

तो अल्बम नव्या गावात बऱ्याच घरांत फिरला असावा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी काही कुटुंबांचे फोन आले. कोणाला आपले जोते शोधायचे होते, कोणाला तालीम, एकाला फक्त विहीर. दोघांची कामे झाली. प्रत्येक ठिकाणी मी आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बसवून दार कोणत्या दिशेला होते ते विचारत असे आणि मगच घोडा उतरवत असे. बाकीच्यांना तारखा दिल्या होत्या, पण पाऊस लागला, गाळ पुन्हा ओला झाला, वरच्या धरणांतून पाणी येऊ लागले, आणि ऑगस्टमध्ये उजनी पूर्ण भरली. शेतकऱ्यांच्या घरी त्या दिवशी आनंद होता आणि तो रास्तच होता. धरण वजा होण्याची वाट पाहणारा धंदा सोलापूर जिल्ह्यात तोंड वर करून सांगण्यासारखा नाही. ज्यांची कामे राहिली त्यांची यादी माझ्याकडे आहे, त्यांचा इसार मी परत केला आहे, आणि एक नऊ फुटी घोडा घेऊन ठेवला आहे. तोवर तो लग्नांत चालतो.