हो, स्वयंपाकघराला कुलूप आहे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शेजारच्या वहिनींनी विचारलं, शाळेतल्या बाईंनी विचारलं, नणदेनं तर चारचौघांत विचारलं: वाढत्या वयाचं पोर घरात असताना स्वयंपाकघराला कुलूप कसलं? गोव्यातल्या या फोंड्यात काही लपून राहत नाही. तर हो, कुलूप आहे आणि चावी माझ्या मंगळसूत्राला असते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्या डोक्यातली गाठ काढली, हे तुम्हाला ठाऊक आहे. क्रॅनियोफॅरिंजिओमा. कॅन्सर नव्हता, पण गाठ मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथी आणि हायपोथॅलॅमस या भागाला चिकटून होती. नजर वाचली म्हणून आम्ही पेढे वाटले. पुढच्या आठ महिन्यांत तो २७ किलोंवरून ४३ किलोंवर गेला.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. डिचोलीकडचं मूळ घर माणसांनी भरलेलं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झालेली, नैवेद्याला अजून अवकाश. हा दिसेना. शोधत गेले तर कोठीत, अंधारात, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा डबा मांडीत घेऊन बसलेला. सकाळी चार उंडे, म्हणजे गोल पाव, भाजीशी खाल्लेले, तेही मीच मोजून दिलेले. मी डबा ओढला, त्यानं सोडला नाही. डबा उपडा झाला. फुटलेल्या नेवऱ्यांतलं चून, म्हणजे सारण, तो जमिनीवरून बोटांनी गोळा करून खाऊ लागला. मी त्याच्या थोबाडीत मारली. दारात सगळे जमले होते. माझ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "पोटाला घालत नाही गो पोराला." आणि तो रडत म्हणाला, "आई, पोट भरलंय. पण भूक लागलीय."

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. मला वाटलं, खोटं बोलतो.

नंतर डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून समजावलं. पोट रिकामं झालं की जठर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सोडतं. जेवण उतरलं की आतड्यांतून जीएलपी-१, पीवायवाय ही संप्रेरकं निघतात, आता पुरे म्हणून सांगतात. अंगात चरबीचा साठा किती, ते चरबीच्या पेशी लेप्टिन या संप्रेरकातून कळवतात. या निरोपांचा मेळ मुख्यतः हायपोथॅलॅमसमध्ये लागतो. माझ्या मुलाच्या रक्तात लेप्टिन भरपूर आहे. ते जिथं वाचलं जातं, तीच जागा जखमी आहे. त्यामुळे अंगावर साठा असूनही मेंदू दुष्काळातच जगतो, आणि शरीर खर्चही हात राखून करतं. म्हणून तो दुपारी पेंगतो. त्याला आळशी म्हणू नका.

लेप्टिन सापडलं १९९४ साली, घ्रेलिन १९९९ मध्ये. मी शाळा सोडली तेव्हा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. भूक म्हणजे पोटात कावळे आणि ताबा म्हणजे संस्कार, एवढंच आम्ही शिकलो. जाड माणूस दिसला की मीही म्हणायचे, तोंड आवरता येत नाही का? आता तुम्ही तेच म्हणता तेव्हा राग येतो, आणि त्या रागातला निम्मा माझ्या स्वतःवरचा असतो.

पण कुलूप? त्याबद्दल मी तुमच्याशी भांडते आणि रात्री स्वतःशीही. जेवणाच्या वेळा ठरल्यापासून तो शांत झालाय, हे खरं. आता मिळेल का, या घालमेलीतून तो सुटतो. पण परवा त्यानं मित्राच्या डब्यातली पोळी चोरली, तेव्हा मी पुन्हा ओरडलेच. त्यात जखमेचं किती आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या हट्टाचं किती, मला वेगळं काढता येत नाही. डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. आणि ती थोबाडीत? तिच्यावर मी कुठलंच शास्त्र पांघरणार नाही.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न कोपऱ्यावर वाजायच्या आधीच तो जागा असतो. दाराशी ताटली घेऊन उभा राहतो. मी उंडे घेते, त्याच्या ताटलीत दोन ठेवते, बाकीचे आत नेऊन कुलूप लावते. गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, "मी अठरा वर्षांचा झालो की चावी मला देणार?"

मी म्हटलं, चहा निवतोय, पी आधी.