नववीतला पोऱ्या अन् चुकीचा परिच्छेद

नोव्हेंबर महिना, म्हणजे आमच्या शिंदखेडा भागात कापूस वेचणी जोरात, वर्गातली निम्मी पोरं शेतात. पुढचे दोन बाक पार रिकामे, म्हणून मी त्या दिवशी प्रकट वाचन शेवटच्या बाकापासून सुरू केलं, एवढंच झालं खरं तर.

दुसराच नंबर त्याचा आला. उभा राहिला, पुस्तक धरलं, ओळीवरून बोट फिरवत खणखणीत वाचलं, कुठे अडखळला नाही. फक्त तो परिच्छेद तिथला नव्हताच, पुढच्या पानावरचा होता! वर्ग हसायला लागला, मला वाटलं मस्करी करतोय, म्हणून मी पण ओरडलो, लक्ष कुठंय तुझं. तो गप. बोट अजून त्याच ओळीवर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

दर वेळी मी पहिल्या बाकापासून एकेकाला एकेक परिच्छेद द्यायचो. हा बाक मोजून ठेवायचा, आपल्या वाट्याला कुठला येणार ते काढायचा अन् छोट्या सुट्टीत शेजारच्या मित्राकडून ऐकून पाठ करायचा. पाठांतर असं की माझ्या हुशार पोरांना जमणार नाही. फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवायचा, त्यामुळे वह्या कायम अपटूडेट. गावोगावच्या पोरांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात मी वाचलं होतं की गावाकडच्या १४ ते १८ वयाच्या साधारण पाव पोरांना दुसरीच्या पातळीचा मजकूर पण नीट वाचता येत नाही, अन् वाचून मान हलवली होती, बिचाऱ्या कुणाच्या तरी शाळेतली पोरं म्हणून.

शाळा सुटल्यावर थांबवलं. "माले येस नही सर," एवढंच अहिराणीत बोलला, खाली बघत. मी कपाटातून पहिलीचं चित्रांचं पुस्तक काढलं, तर म्हणे, "मी काय लहान पोऱ्या शे का?" बरोबर होतं त्याचं. मिशी फुटायला आलेल्या पोराच्या हातात कमळ-बदक द्यायचं म्हणजे काय!

मग कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं माहितीपत्रक पडलेलं होतं ते काढलं. सुटी अक्षरं यायची, काना-वेलांटी पण सावकाश का होईना यायची. घोडं अडायचं जोडाक्षरात, त्यातही र मध्ये. धर्म मधला र डोक्यावर, प्रकाश मधला पोटात तिरका, ट्रक मधला खाली. आपल्याला तो एकच र वाटतो, त्याला तीन वेगळी चिन्हं दिसत होती अन् इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं की हे तिघं एकच. 'ट्रॅक्टर' मात्र झटकन वाचला. मी बाकीची अक्षरं बोटाने झाकून फक्त 'ट्र' ठेवला, तर गडबडला. म्हणजे तो शब्द वाचत नव्हता, ओळखत होता, फोटो ओळखावा तसा. 'कामगंध सापळे' (बोंडअळीचे पतंग वासाने ओढून पकडतात ते) मात्र दुसऱ्या झटक्यात वाचले, शेतात लावलेले होते ना. अंदाज फार मारायचा, फवारणीला फवारा म्हणायचा, मग मी शेवटचं अक्षर परत बघायला लावायचो.

तेच चार ओळींचं तुकडं तीनदा वाचून घेतलं, घड्याळ लावून. पहिल्यांदा साडेतीन मिनिटं लागली, तिसऱ्यांदा दोनच्या आत. घड्याळाकडे बघून हसला, पहिल्यांदाच. एका संध्याकाळीत काही कोणी वाचायला शिकत नाही, आत्ताही आठवड्यातून तीन दिवस बसतो आम्ही. अन् नंबर लावून उभं करून वाचायला लावणं मी बंद केलं, ते पाप माझंच होतं.

परवा तो कृषी केंद्रातून आणलेल्या औषधाच्या खोक्यातला कागद घेऊन आला, आधी म्हणे बाटलीवरचा लाल-पिवळा रंग बघूनच काम भागवायचो. तो कागद म्हणजे घडीवर घडी, उलगडला तर धोतराएवढा, एकेका भाषेचे बारीक बारीक रकाने, त्यात हिंदी-मराठी लिपी सारखीच. मी चष्मा काढून शोधत बसलो, त्याने मात्र सरळ एका रकान्यावर बोट ठेवलं.

"सर, जठे ळ शे ना, तठे आपली मराठी."