जोडाची तार बोलली!

काल रात्री साडेअकराला माझ्या सतारीची जोडाची तार (मुख्य तारेशेजारची, षड्जात लावलेली) अँपमधून ऐकू आली. भरीव, गोल, षड्ज अगदी स्वच्छ. सतार इलेक्ट्रिक करायचं सगळं काम चार महिने या एका तारेने अडवून धरलं होतं, त्यामुळे बाकीचं भराभर सांगतो.

पिकअपचं (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचं) सातवं कॉइल आता कायम. 46 गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) तार, 7,200 फेरे, मल्टिमीटरवर 6.1 किलोओहम. मधे सळ्यांऐवजी अखंड लोखंडी पट्टी ठेवली. मींड घेताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, बाजाची (मुख्य) तार बाजूला सरकते, पण आता आवाज कुठेच दबत नाही. फेरे मोजायला जुना कॅल्क्युलेटर, '=' बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा) जोडलेला; एकदाही चुकला नाही. कॉइलच्या तारेबद्दल मात्र नीट ऐका. परदेशी आकृत्यांतलं 42 हे अमेरिकन गेज असतं, आपल्याकडे दुकानदार ब्रिटिश गेज देतो. मागच्या वेळी मला ब्रिटिश 42, म्हणजे 0.1 मिलिमीटरची तार मिळाली आणि अडीच हजार फेऱ्यांतच बॉबिन भरलं. हवी असते 0.063 ची, आपल्याकडची 46 नंबर 0.061 भरते, ती चालते. मिलिमीटरमध्येच मागा आणि मायक्रोमीटर खिशात ठेवा.

आता जोड. ही तार फॉस्फर ब्राँझची, चुंबकाला दाद न देणारी. पिकअपला लागते ती लोखंडी जातीची तार, म्हणून बाज आणि चिकारी (कडेच्या उंच सुरातल्या तारा) घणघणायच्या आणि जोड छेडला की नुसती कुजबुज. अमेरिकन कोरल ब्रँडच्या 1967 च्या इलेक्ट्रिक सतारीला हा प्रश्नच आला नाही, कारण तिच्यावर गिटारच्याच तारा होत्या. मीही जोडाला साधी पोलादी तार लावून पाहिली. आवाज आला, पण त्यात जोडाचा ओलावा नव्हता. मग गिटारची गुंडाळलेली तार लावली, ती जवारीवर (तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या माथ्यावर) खरखरली आणि घोडीवर बारीक चरे पडले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून करून आणलेली जवारी होती ती. पुन्हा तो प्रयोग नाही.

उपाय आठवला कॉलेजच्या सोनोमीटरवरून, म्हणजे ताणलेल्या तारेच्या कंपनांच्या प्रयोगावरून. तारेतून एसी करंट सोडायचा, मधोमध नालचुंबक धरायचा, लांबी जुळली की तार थरथरते आणि त्यावरून विजेची वारंवारता, 50 हर्ट्झ, काढायची. त्या प्रयोगात तार पितळेचीसुद्धा चालते! मग उलटं का नाही करायचं? तार आपण छेडू, वीज तीच देईल. तार चुंबकीय असण्याची गरजच नाही, वीजवाहक असली की पुरे.

जोडाखाली निओडिमियमचा चुंबक ठेवला, एक वायर लंगोटाला (खालच्या टोकाला तारा अडकवतात तिथे), दुसरी क्लिपने खुंटीजवळ. घोडी शिंगाची, खुंटी लाकडाची, त्यामुळे तार मधे कुठे शॉर्ट होत नाही. तारेचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही आत आणि व्होल्टेज एखाद-दोन मिलिव्होल्ट. ते वाढवायला बुधवार पेठेतल्या भंगारातून जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणला आणि उलटा जोडला. 8 ओहमची बाजू तारेला, 1 किलोओहमची अँपला. पहिल्यांदा जोडापेक्षा हमच (विजेची गुणगुण) मोठा! तार आणि परतीची वायर यांच्यामधे हातभर रुंद वेटोळं झालं होतं, ते घरभरचा 50 हर्ट्झ गोळा करत होतं. परतीची वायर दांडीवरून थेट जोडाच्या खालून नेली, ट्रान्सफॉर्मर अडॅप्टरपासून लांब नेऊन आडवा वळवला, आणि हम बसला. मग षड्ज छेडला. तो विरेपर्यंत मी हात हलवला नाही.

एक अडचण उरली आहे. त्या चुंबकाला जोड बधत नाही, पण शेजारची बाजाची तार ओढली जाते आणि तिची आस (सूर रेंगाळणं) तोकडी होते. सुरुवातीला फेराइट (कमी ताकदीचा चुंबक) लावायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता सुचतंय की चुंबकाभोवती मऊ लोखंडाचा U आकाराचा तुकडा बसवला, तर क्षेत्र जोडापुरतंच आवळता येईल. जुन्या रिलेचं लोखंड त्याला उत्तम. फेराइट मागे पडलं, आधी हेच.

आणि हे जमलं तर खर्जाची (सर्वांत खालच्या सुरांची) तारही याच वाटेने. तीही ब्राँझचीच. मग कॉइलकडे फक्त पोलादी तारा राहतील आणि दोन्ही सिग्नल TL072 या अँप्लिफायर चिपवर वेगवेगळ्या पातळीने मिसळता येतील. फेज, म्हणजे दोन्हींच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात का, ती आधी तपासायला हवी. काल दोन्ही एकत्र केले तेव्हा मंद्रातला आवाज जरा पोकळ वाटला होता. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी अदलाबदल करून आज रात्री पुन्हा ऐकतो.