अठ्ठावन्न वाघिणी

मालगाडीचे डबे मोजायचं व्यसन भुसावळकडच्या माणसाला लहानपणीच लागतं. दीपनगरच्या वीजकेंद्रासाठी कोळसा घेऊन निघालेली गाडी फाटकावर आली की कुणीतरी हमखास म्हणतं, "काय भो, मारुतीचं शेपूट का काय!" चाळिशीच्या आसपास मोजणाऱ्याची गडबड होते. नीट मोजलं तर आकडा बहुधा ५८-५९ भरतो. गंमत म्हणजे ताशी ४० किलोमीटरने ही अख्खी रांग मिनिटभरात निघून जाते. वैताग असतो फाटक आधीपासून लागल्याचा, शिव्या मात्र मालगाडी खाते.

मग अठ्ठावन्नच का, शंभर का नाहीत? इंजिनं तर दोन-तीनही जोडता येतात. अडतं ते स्टेशनात. मागून एक्सप्रेस आली की मालगाडीला लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळाला फुटलेल्या बाजूच्या रुळावर, घ्यावं लागतं आणि आपल्याकडची लूप साधारण ७०० मीटरची. कोळशाची वाघीण, म्हणजे मालडबा, पावणेअकरा मीटर. गुणाकार करा, इंजिन आणि गार्डचा डबा धरा, की लूप भरलीच. म्हणजे गाडी किती लांब धावणार, हे तिला उभं कुठं राहायचंय यावर ठरतं!

वजनाचं दुखणं वेगळं. भरलेली वाघीण ८० टनांच्या वर, म्हणजे गाडी पावणेपाच हजार टनांकडे जाते. हा सगळा ताण इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर. म्हणून तर थळ घाटाच्या ३७ ला १ चढावर कसाऱ्याहून मागे बँकर इंजिनं लावतात. मागून रेटा मिळाला की पुढची कपलिंगं वाचतात. ब्रेकही हवेचे. ड्रायव्हरने पाइपातला दाब कमी केला की पुढचे डबे आधी आवळले जातात, मागच्यांना निरोप काही सेकंद उशिरा पोचतो, तोवर ते पुढच्यांवर धडकत राहतात. गाडी जितकी लांब, तितका हा धक्का वाईट.

१५ ऑगस्ट २०२२ला छत्तीसगडच्या कोरब्याहून 'सुपर वासुकी' ही मालगाडी सोडली : २९५ वाघिणी, साडेतीन किलोमीटर. पाच गाड्या जोडून केलेली, इंजिनं मध्ये मध्ये पेरलेली. झकास! पण तिला बाजूला घेणार कुठं? दिल्लीजवळचं दादरी ते मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर या नव्या मालवाहू मार्गाची आखणी १५०० मीटरच्या गाड्या धरूनच केलीय. तो मार्ग गुजरातेतून वसईकडे उतरतो, खान्देशाला बगल देऊन. आमच्या रावेर-सावद्याची केळी अजून जुन्याच लुपांच्या मापाने दिल्लीला जातात.