खारट चॉकलेट कॅरमेल, घरच्या गॅसवर

मराठवाड्यात घरी चॉकलेटचं काही करायचं असेल तर ते थंडीतच. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि आमच्या संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वड्या पाडायच्या आधीच त्यांचं सरबत व्हायचं. पावसाळ्यात साखर ओल धरते, ते वेगळंच. म्हणून संक्रांतीच्या आधीचे कोरडे दिवस निवडले.

सामान फारसं नाही. साखर 200 ग्रॅम, फ्रेश क्रीम 200 मिली, बटर 60 ग्रॅम, डार्क चॉकलेट 100 ग्रॅम आणि दोन चमचे लिक्विड ग्लुकोज. ग्लुकोज गुलमंडीकडे केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं. ते टाळू नका. त्याच्यामुळे साखर परत दाणेदार होत नाही. बटर मात्र बिनमिठाचं घ्या. नेहमीच्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असतंच, मग वरून किती घालायचं याचा अंदाज राहत नाही.

सगळी चव साखर जाळण्यात आहे. जाड बुडाच्या, चांगल्या खोल पातेल्यात साखर, ग्लुकोज आणि साखर भिजेल इतकंच पाणी घालून मध्यम आचेवर ठेवलं. साखर विरघळल्यावर डाव घालायचा नाही, पातेलंच हलकं फिरवायचं. बराच वेळ काही होत नाही, नुसते बुडबुडे. मग कडेला पिवळसर छटा येते, आणि तिथून पुढं सगळं घाईचं. मधाच्या रंगावर थांबलं तर नुसतं गोड लागतं. आणखी थोडं जाऊ द्यायचं, तांबूस विटकरी रंग येईपर्यंत आणि धुराचा पहिला वास नाकाला लागेपर्यंत. त्या क्षणी गॅस बारीक करून गरम क्रीम थोडं थोडं ओतायचं. गार क्रीम ओतलं तर पाक दगड होतो. गरम असलं तरी ते फसफसून पातेल्याच्या काठापर्यंत येतंच, वाफ हातावर येते, म्हणून लांब दांड्याचा डाव हवा. मग बटर घालून सतत ढवळायचं.

बहुतेक कृतींमध्ये 118 अंश लिहिलेलं असतं. पण ते समुद्रकाठचं गणित. आपलं शहर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, पाणी इथं 98 अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून बघितला, काटा 98 वरच होता. म्हणून कॅरमेलही 116 वर उतरवायचं ठरवलं.

सासूबाई मागं उभ्या होत्या. "काय करायलीस गं इतका वेळ? वाटीत पाणी घे अन् थेंब टाक त्यात." टाकला. त्यांनी तो बोटानं गोळा केला, दाबला. "अजून मऊ आहे, गोळीबंद झाला नाही." काटा 112 वर होता. जरा वेळानं पुन्हा थेंब, गोळी घट्ट झाली, आणि काटा बरोबर 116! दर वर्षी तिळाच्या लाडवांचा पाक करणाऱ्या बाईला थर्मामीटर कशाला लागतोय.

गॅस बंद करून मिनिटभर थांबले, मग चिरलेलं चॉकलेट घातलं. आचेवर असताना घातलं तर ते करपतं आणि तूप सुटतं. सगळं एकजीव झाल्यावर बटर पेपर लावलेल्या छोट्या चौकोनी डब्यात ओतलं. मीठ खडेच वापरलं, खलबत्त्यात भरड कुटून, पण लगेच नाही पसरलं. गरम असताना ते विरघळतं आणि दाताखाली येत नाही. वरचा थर कोमट झाल्यावर चिमटीनं पसरलं.

रात्रभर झाकून ठेवून सकाळी तेल लावलेल्या सुरीनं कापल्या. ओढून कापायचं नाही, सरळ दाबायचं. प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळायची, नाहीतर डब्यात पुन्हा एकच ढेकूळ होतं.

आणि पातेलं लगेच घासायला टाकू नका. त्यात दोन कप दूध घालून उकळा, चिकटलेलं सगळं सुटतं. आमच्याकडं वड्यांपेक्षा जास्त भांडण त्या दुधावरून झालं.